आकडा थांबेपर्यंत

"हात काढा, भाऊ. आकडा थांबू द्या," सविता म्हणाली.

श्रीपतीभाऊंनी पोत्यावरचा हात काढला. पडद्यावरचा आकडा थोडा खाली-वर झाला आणि मग एका जागी बसला. तो बसला तसं छोट्या प्रिंटरनं कुरकुरत पावती बाहेर काढली. दत्तोबांच्या भातगिरणीतला हा काटा मोठा मानी. जमिनीलगतच्या त्याच्या लोखंडी पाटावर ठेवलेला माल पुरता स्थिर झाल्याशिवाय तो पावती देत नाही. पोत्याला कुणाचं नुसतं बोट लागलेलं असलं तरी अडून बसतो.

श्रीपतीभाऊंनी पावती डोळ्यांपासून लांब धरून वाचली. नाव, गाव, माल, वजन आणि सगळ्यांत खाली, 'वजन घेणार: कैलास'. तिथं त्यांची नजर थोडी घुटमळली. मग त्यांनी पावती टोपीत खोचली आणि ते पुढच्या पोत्याकडं वळले.

कैलास म्हणजे सविताचा नवरा. तो जाऊन वर्ष होत आलं होतं.

मी टेबलाखाली बसून कॉम्प्युटरच्या डब्याची धूळ पुसत होतो. दत्तोबांनीच बोलावलं होतं, म्हणाले, यंत्र अडखळतंय, बघून जा. माझं कामशेतात स्टेशनच्या रस्त्याला दुरुस्तीचं दुकान आहे. मूळचा मी बेडशाचा, पण दिवस सगळा या धुळीत जातो. लोक मला दोनच गोष्टी विचारतात. एक, स्वस्तात होईल का. दुसरी, कॉम्प्युटर रोज बंद करायलाच पाहिजे का. पहिल्याला मी होय म्हणतो, नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. दुसऱ्याला माणूस बघून उत्तर देतो. जो विचारतो त्याला बहुतेक उत्तर नको असतं, आळसाला पाठिंबा हवा असतो.

या डब्याचं मात्र तसं नव्हतं. याच्या बटणावर चिकटपट्टीची घडी करून लावलेली होती, चुकूनही कुणाचं बोट पडू नये म्हणून. ती सविताची होती.

गेल्या वर्षी ऐन हंगामात गिरणीचा पट्टा तुटला. बाहेर भाताच्या टेम्पोंची रांग लागलेली. काट्यावर तेव्हा कैलास असायचा. तो मोटारसायकल काढून पट्टा आणायला तळेगावला निघाला आणि जाता जाता हमाल मारुतीला म्हणाला, "कॉम्प्युटर बंद करू नको रं, आलोच मी."

कान्हे फाट्याजवळ त्याच्या छातीत कळ आली. त्यानं गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली, किल्ली काढून खिशात ठेवली आणि रस्त्याच्या कडेला बसला. बसला तो बसलाच. मला त्या किल्लीचं अजून नवल वाटतं. आपण असतो तर गाडी कुठंतरी टाकून दिली असती. पण कैलासचं सगळं काम तसंच, नीटस. खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली की पहिलं माप माणसाचं, मग मालाचं, अशी दत्तोबांच्या वडलांपासूनची रीत आहे. काट्यावाल्यानं स्वतः पाटावर उभं राहायचं. कैलास तिथं झेंडावंदनाला उभा राहावा तसा ताठ उभा राही, आणि मारुती दरवर्षी ओरडे, "वजन वाडलं! घरच्या मालकिनीनं पुन्हा वाडवलं!" त्या पावत्या कैलास घरी देवापाशी ठेवायचा. मी त्याला हसायचो. आता हसणारा मी उरलोय.

सविता दहाव्याला रडली नाही, तेराव्यालाही नाही. कुरवंड्याहून तिची आई आली होती. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवून फिरवून पाहिलं, पण सविता आईचाच हात बाजूला करून तिला म्हणाली, "तू जेवलीस का?" बायका आधी म्हणाल्या, धक्का बसलाय. मग म्हणाल्या, दगड आहे. बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं.

दत्तोबांनी तिला कैलासच्या जागेवर बोलावलं. बारावी झालेली, हिशेबाला चोख, नाही म्हणायला कारण नव्हतं. शिकवायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "वहिनी, हा प्रोग्रॅम कैलासच्या नावानं उघडलेला आहे. त्याचा पासवर्ड कुणाला माहीत नाही. तर आपण एकदा बंद करू आणि तुमच्या नावानं नवीन उघडू."

ती पडद्याकडं बघत म्हणाली, "ते म्हनालेत बंद करू नका."

म्हणालेत. जणू माणूस पट्टा आणायलाच गेलाय आणि येईल. मी काट्याचं शिकवून निघून आलो.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर बंद झाला नव्हता. संध्याकाळी निघताना ती पडदा तेवढा घालवायची, डब्यावर धुतलेला रुमाल टाकायची, आणि डबा आत घुरघुरत राहायचा. पावसात आमच्या मावळात वीज पाहुण्यासारखी येते, चहापुरती. वीज गेली की बॅटरीचा डबा टूं टूं ओरडू लागे, आणि सविता हातातलं टाकून गिरणीचं डिझेल इंजिन सुरू करायला धावे. एरवी ती कशाहीसाठी धावलेली कुणी पाहिली नाही. बोलणं कामापुरतं. कुणी विचारलं, कशी आहेस, तर "बरी हाय," आणि ते खोटंही वाटायचं नाही. दुखत नाही म्हणणाऱ्याला खरंच दुखत नसेल तर काय करायचं? मला तिची दया येत नव्हती, भीती वाटायची.

आणि वर्षभर नाणे मावळापासून पवनेपर्यंत घरोघरी पावत्या जात राहिल्या, वजन घेणार कैलास. काही लोक कुजबुजायचे. मेलेल्याचं नाव भाताच्या पोत्याबरोबर घरात नको म्हणून एकानं पावती दारातच फाडली. पण बहुतेकांनी श्रीपतीभाऊंसारखं केलं. पाहिलं, आणि टोपीत खोचली.

मी टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा दत्तोबा दारातल्या खाटेवर बसून माझीच वाट बघत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा, पण आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा.

"सुहास, लेका, खरं सांग. येवढे दिस बंद न करता यंत्र चालवलं तर बिघडतंय का न्हाई?"

सविताचा पेन थांबला. तिनं मान वर केली नाही, पण ऐकत होती.

"बिघडतंच असं नाही, आबा," मी म्हणालो. "मोठमोठ्या ठिकाणची यंत्रं वर्षानुवर्षं बंद करत नाहीत. पण ती तशीच बनवलेली असतात आणि त्यांच्याकडं बघायला माणसं असतात. हे आपलं साधं घरगुती. याच्यात साचत जातं."

"काय साचतं?"

"लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या बघा. जो तो घेऊन जातो, परत कुणी ठेवत नाही. मग एक वेळ अशी येते की नव्या पाहुण्याला बसायला जागा नसते. तसं होतं. एकदा बंद करून चालू केलं की सगळ्या खुर्च्या जागेवर येतात."

"म्हंजी बंद करायला पायजे."

"एक डोकेदुखी आहे. आतली डिस्क जुनी आहे. फिरतीय तोवर फिरतीय. थांबवली आणि पुन्हा फिरलीच नाही, असंही होतं कधी कधी. गिरणीचा हिशेब मी काढून ठेवलाय, तो जाणार नाही. पण डबा उठेलच असं छातीठोक नाही सांगत."

दत्तोबांनी तंबाखू मळता मळता सविताकडं पाहिलं, आणि मग मला म्हणावं तसं पण तिला ऐकू जाईल असं बोलले, "माझ्या बानं पोळ्याला बैलाच्या मानंवर कदी जू ठिवलं न्हाई. नडीचा दिवस आसू दे न्हाईतर काय. खंडेनवमीला ह्या गिरनीतलं समदं थांबतं. मोटर, इंजन, काटा. ह्यो डबा बी थांबंल. मग उठंल न्हाईतर न उठंल."

सविता उठून माझ्या मागोमाग बाहेर आली. मी गाडीला किल्ली लावत होतो.

"सुहासभाऊ, डिस्क ऱ्हाऊ द्या. समजा उठला चांगला. तरी पावतीवरचं नाव ऱ्हाईल का?"

खोटं बोलायला माझी हरकत नसते. धंदाच तसा आहे. पण ती सरळ डोळ्यांत बघत होती.

"नाही, वहिनी. बंद झाला की तो पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारणार. कैलासचा पासवर्ड कैलासलाच माहीत. मालकाच्या खात्यातून नवीन नाव घालता येतं, जुनं उघडता येत नाही."

तिनं मान डोलवली. रडली नाही की विनवणी केली नाही. "तोवर चालंल असं कायतरी करा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी पुन्हा आत जाऊन पडद्यापुढं बसलो, नको ते दोन-चार प्रोग्रॅम बंद केले, थोड्या खुर्च्या मोकळ्या केल्या. ठिगळ लावलं झालं. मला माहीत होतं, तिलाही माहीत असावं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. तिनं आजवर मला कधी फोन केला नव्हता. काम असलं की मारुती यायचा.

"येता का?" एवढंच.

गिरणीत श्रीपतीभाऊंची उरलेली पोती आली होती. मारुती पाटाशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानंच सांगितलं, "पोतं बदललं तरी आकडा त्योच! म्या काय केलं, समदीच पोती सारकी भरली असतील म्हनलं. पावती बी आली. ह्या म्हनाल्या, थांब."

"आकडा हलला न्हाई," सविता म्हणाली. "पोतं ठेवलं की आदी हलतो, मग बसतो. ह्यो हललाच न्हाई. म्हनून मी खाली उतरवून जुन्या तराजूवर घेतलं."

तराजूवर पोतं बरंच हलकं भरलं होतं. त्या काट्याची स्वतःची आकडे दाखवायची डबी कधीच आंधळी झाली होती, जे काही कळायचं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आणि पडदा मागच्या पोत्याचाच आकडा धरून बसला होता. मी माऊस हलवून पाहिला. बाण जागचा हलेना. थोड्या वेळानं आपोआप सगळं पुन्हा सुरू झालं, जसं काही झालंच नाही. पण मधली पावती निघून गेली होती ती गेलीच.

सवितानं ती पावती माझ्यापुढं धरली. तिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता असा होता.

"हे बघा. खोटं वजन, आन् खाली ह्यांचं नाव."

"चूक यंत्राची आहे, वहिनी."

"वाचनाऱ्याला यंत्र दिसत न्हाई. नाव दिसतं." तिनं पावतीची घडी घातली, आणखी घडी घातली, घडी घालायला जागा उरेनाशी होईपर्यंत घातली. "ह्यांनी कदी कुनाचं पसाभर इकडंतिकडं केलं न्हाई. आन् मी ह्यांच्या नावावर खोटं माप चढवत बसलीया."

श्रीपतीभाऊ दारातून म्हणाले, "अगं पोरी, मला त्यातलं काय वाटत न्हाई. माझाच फायदा झाला की."

"मला वाटतंय," सविता म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "उद्या बंद करा."

खंडेनवमी हा माझ्या धंद्यातला सगळ्यांत धावपळीचा दिवस. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमच्या घरचे सगळे पांढरे कपडे घालून देहूरोडच्या बुद्धविहारात. तेव्हा आदल्या दिवशी सगळं उरकायचं. शिवाय त्या दिवशी लोक कॉम्प्युटरला इतक्या भक्तीनं हळद-कुंकू लावतात, की पुढचा आठवडा मी कीबोर्डाच्या फटींतून हळद काढत असतो. देव पावतो की नाही माहीत नाही, मला पावतो.

दत्तोबांच्या गिरणीत मी पोहोचलो तेव्हा मोटर थंड होती. इंजिनाला झेंडूची माळ घातली होती. सगळीकडं शांतता आणि त्या शांततेत फक्त टेबलाखालचा डबा घुरघुरत होता. पूजेचं ताट घेऊन दत्तोबांच्या मंडळी, रतनबाई, उभ्या होत्या. काट्याची पूजा दरवर्षी काट्यावालाच करतो. ताट पुढं करायचं की नाही यात त्या घुटमळल्या. सविताच्या घरात दुःख झालेलं, वर्ष सरलेलं नाही. दत्तोबांनी ते ताट त्यांच्या हातातून घेतलं आणि सविताच्या हातात दिलं.

"धर. काट्यावर कोन हाय? तू हायेस."

तिनं ताट खाली ठेवलं, चिकटपट्टी सोडवली. ती वर्षभरात डब्याला इतकी घट्ट धरून बसली होती, की निघताना रंगाचा कपचा घेऊन आली. मी म्हटलं, "बटण नाही दाबायचं वहिनी, पडद्यावरून बंद करायचं असतं." तिनं माऊस धरला. आधी प्रोग्रॅम बंद केला. 'कैलास, आपण बाहेर पडू इच्छिता का?' असं पडद्यावर आलं. ते मी त्या प्रोग्रॅममध्ये शंभरदा पाहिलंय, कंटाळवाणं वाक्य. त्या दिवशी मला ते वाचवेना, मी खिडकीकडं पाहिलं. तिनं 'होय' दाबलं.

घुरघुर थांबली. मारुतीनं डोक्यावरची टोपी काढली आणि का काढली ते न कळून परत घातली.

सवितानं डब्याला हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. बाहेर दत्तोबा नारळ हातात घेऊन उभे होते. पहिलं माप झाल्यावर तो फोडायचा. मी बटण दाबलं. खरं सांगतो, मला मनातून वाटत होतं की डिस्क फिरू नये. मग निदान म्हणता आलं असतं, दोघं बरोबर गेले. पण डबा पटकन उठला. तरणा असतानाही इतका चपळ नव्हता. त्याला काहीएक झालं नव्हतं. खुर्च्या सगळ्या जागेवर होत्या आणि पडद्यावर एक मोकळी चौकट होती, नाव.

मी मालकाच्या खात्यातून आत शिरलो. नवीन नावाची चौकट उघडली आणि हळू आवाजात म्हणालो, "वहिनी, नाव काय टाकू? तुम्ही म्हणत असाल तर मी नव्यानं 'कैलास' टाकतो. यंत्राला काय कळतंय."

तिनं बोटांवरचं कुंकू पदराला पुसलं.

"यंत्राला न्हाई कळत," ती म्हणाली. "माप मी घेनार. चुकलं तर माझ्या नावावर चुकू दे. सविता टाका."

मी सविता टाकलं. चौकट छोटी होती, तरी पुढं जागा उरली. "अजून एक शब्द बसतोय."

"बसतोय?"

"बसतोय."

"मग कैलास टाका. कागदोपत्री तसंच हाय," ती म्हणाली. आडनावाला जागा उरली नाही. ते तिनं विचारलंही नाही.

"चला," बाहेरून दत्तोबांचा आवाज आला. "आदी मानूस, मग माल."

सविता अनवाणीच होती. पाटावर चढली, आमच्याकडं पाठ करून उभी राहिली, दोन्ही हात सरळ सोडून. ती कैलाससारखी ताठ उभी होती. त्याला तसं उभं राहिलेलं तिनं कधी पाहिलं नसणार, पण त्या मापांच्या पावत्या तर घरात देवापाशी होत्याच. मारुती दरवर्षीचं वाक्य ओठांवर आलेलं गिळून उभा राहिला.

पडद्यावर आकडा आला. सत्तेचाळीसच्या वर गेला, खाली आला, परत वर गेला. मी थांबलो. आकडा बसेना. मला आधी वायर ढिली वाटली, मी वाकून ती चाचपली, घट्ट होती. मला वाटलं, पुन्हा तेच दुखणं, आता काय करायचं. पण अडकलेला आकडा हलत नाही. हा हलत होता.

मी मान वर करून पाहिलं. सविताचे खांदे हलत होते. आवाज नव्हता. पदर तिनं तोंडात कोंबला होता.

"आली का रं पावती?" दत्तोबांनी बाहेरून विचारलं.

"नाही, आबा. आकडा थांबत नाही."

दत्तोबा दारात आले. त्यांनी पाटाकडं पाहिलं. मारुती काहीतरी बोलायला पुढं सरकला, त्याला त्यांनी नुसत्या हातानं मागं केलं. मग नारळ खाली ठेवून ते शेजारच्या पोत्यावर बसले.

"थांबंल," ते म्हणाले. "कुनाला घाई हाय?"

मीही खुर्ची ओढून बसलो.